झागोर्काचा भरवशाचा डबा

आमच्या पिरोत गावात कुणी गेलं की पहिला फोन पाद्र्याला, दुसरा शवपेट्यावाल्या तिहोमिरला, आणि तिहोमिरचा लगेच झागोर्काला. "झागा, एक आहे," एवढंच तो म्हणतो. कोण, कसं, काय झालं होतं, ते सगळं नंतर. दफन बहुतेक दुसऱ्याच दिवशी दुपारी असतं आणि त्याआधी निधनपत्रक गावभर लागायला हवं. मेलेल्याच्या दारावर, कोपऱ्यावरच्या झाडावर, बसथांब्याच्या खांबावर, बेकरीच्या भिंतीवर. काळी चौकट, फोटो, नाव, वय आणि खाली शोक करणाऱ्यांची नावं. पत्रकच लागलं नाही तर माणूस गेला हे गावाला कळणार कसं? आणि गावाला न कळवता माणूस पुरला तर घरच्यांनी तोंड कुठं दाखवायचं?

ही पत्रकं झागोर्का बनवायची. आणि नुसतं एकदा बनवून सुटका नाही हो. चाळीस दिवसांनी परत पत्रक, सहा महिन्यांनी परत, वर्षानं परत. प्रत्येक वेळी घरचे येणार आणि नावांच्या क्रमावरून तिच्या डोक्यावर बसणार. धाकटा जावई मोठ्याच्या वर कसा? बहिणीचं नाव भावजयीच्या खाली का? मेलेला बिचारा शांत पडलेला असतो, जित्यांचा मात्र बाजार भरलेला. झागोर्का सगळ्यांचं ऐकून घ्यायची, नावं वर-खाली करायची आणि छापून द्यायची. कुणी विचारलं, "कशी आहेस गं?" तर म्हणायची, "दमलेय." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, बोलायची पद्धत आहे तिची.

पद्धत कसली डोंबलाची? बाई खरोखर दमली होती. तरुणपणी शेजारच्या शहरात टीव्हीच्या कारखान्यात होती ती. दिवसभर मदरबोर्डसारख्या पट्ट्यांवर डाग द्यायची, आणि तिचा डाग निघाला असं कधी कुणी ऐकलं नाही. कारखाना बंद पडला. नवरा कामाला म्हणून ऑस्ट्रियाला गेला आणि तिकडेच रमला. पोरबाळ नव्हतं. उरली ती आणि तिची आई पेर्सिदा, जिला सगळी गल्ली पेर्सामावशी म्हणते. पुढच्या खोलीत लाकडाची शेगडी, शेगडीजवळ आईचा लाकडी बाक, त्याला लागूनच झागोर्काचं टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटर. घर म्हणून जे काही होतं ते या एका खोलीत. बाकीच्या खोल्या हिवाळ्यात बंदच, कोण तापवत बसणार?

तर कॉम्प्युटर. आधीचा होता तो दुकानातून आणलेला, तयार. म्हणजे बाहेरून चकचकीत आणि आत सगळा कचरा. नेमकं पत्रक अर्ध्यावर आलं की पडदा निळा. एकदा एका शिक्षिकेचं पत्रक तिचं दफन होऊन गेल्यावर छापून निघालं. त्या बाईची मुलं दारात उभी राहिली, कागद घेतले आणि निघून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं झागोर्काला वाटलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

तिहोमिर तिच्याच वर्गातला. अंत्यविधीचं सगळं सामान तोच पुरवायचा, शवपेटी, फुलांची चक्रं, गाडी. मनाचा वाईट नाही, पण धंद्याच्या बाबतीत सरळ. तो म्हणाला, "झागा, तुझं-माझं नातं वेगळं. पण मेलेला माणूस थांबत नाही गं. मोठ्या शहरातला एक छापखाना मागे लागलाय, फोटो पाठवा, तासाभरात माल बसनं पाठवतो म्हणतो. मी अजून त्याला हो म्हणालो नाही."

"मग म्हण की," झागोर्का म्हणाली. म्हणाली खरी, पण तिहोमिरचं काम गेलं तर हातात दुसरं काय होतं? लाकूड, आईची औषधं, सगळं त्या काळ्या चौकटीवर चाललेलं.

तेव्हा तिनं ठरवलं. आता दुकानातलं नको. आपला कॉम्प्युटर आपणच जोडायचा.

आणि जोडला कसा, ते ऐकण्यासारखं आहे. दुकानातला पोरगा तिला रंगीत दिव्यांचे पंखे दाखवायला लागला. ती म्हणाली, "बाळा, माझं गिऱ्हाईक मेलेलं असतं. दिवे कुणासाठी?" सगळ्यात आधी तिनं पॉवर सप्लाय निवडला, तोही चांगलाच. कारखान्यात तिनं बघितलं होतं, लोक चेहऱ्याला भुलतात आणि पोटाला विसरतात. टीव्ही जळायचा तो नेहमी वीज देणाऱ्या भागापासून. प्रोसेसर साधा. वेगळं ग्राफिक कार्ड घेतलंच नाही, जेवढे भाग कमी तेवढी कटकट कमी. डिस्क मात्र दोन, एकीवरचं जसंच्या तसं दुसरीवर, म्हणजे एक मेली तरी काम चालू. वीज गेली तर वेळ निभावून नेणारी बॅटरी. कॅबिनेट मोठं, पुढं जाळी, मागं पंखा, म्हणजे पुढून गार हवा आत शिरावी आणि मागून गरम बाहेर जावी. पंखे मुद्दाम सावकाश फिरणारे, कारण आवाज तिला सहन होत नसे. हात आधी नळाला टेकवून अंगातली वीज काढून टाकायची, मगच भागाला हात. स्क्रू घट्ट पण ओरबाडून नाही. कितीतरी वर्षांनी तिच्या बोटांना आपलं काम मिळालं होतं. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा तिनं स्वयंपाकघरात जाऊन एक घोट घरची दारू, रकिया, घेतली, एकटीनंच.

"झालं का?" आईनं बाकावरून विचारलं.

"झालं. आता हा काही बंद पडायचा नाही."

"शेगडीत लाकूड घाल मग."

उन्हाळाभर आणि शरदात डबा चालला. काय चालला! तिहोमिरनं त्या छापखान्याचं नाव काढणं सोडून दिलं. झागोर्काची पाठ तेवढीच दुखत होती, झोप तेवढीच अपुरी होती, पण एक चिंता गेली होती. दमलेल्या माणसाला एक चिंता गेली तरी खूप असतं.

थंडी पडली, शेगडी पेटली आणि डबा बंद पडायला लागला.

निळा पडदा नाही, सूचना नाही, काही नाही. दुपारी काम करता करता एकदम काळोख. पुन्हा बटण दाबलं तर ढिम्म. थोड्या वेळानं दाबलं की सुरू, जसं काही झालंच नाही. आणि सकाळी? सकाळी अगदी शहाण्यासारखा चालायचा.

झागोर्कानं आधी स्वतःवर संशय घेतला. कुठेतरी चूक राहिली असणार. तिनं सगळं खोललं, रॅम काढून बसवली, वायर बदलल्या. नाही. डबा गरम होतोय हे तिला कळलं होतं, बंद पडल्यावर वरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. म्हणून प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावली. धूळ झाडली. पंखा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तासभर चालवून बघितला, फिरत होता मेला, मस्त फिरत होता. पॉवर सप्लाय बदलून घेतला. नवाही दुपारी बंद. बाईनं अक्षरशः हात टेकले. आपली बोटं म्हातारी झाली, आता आपल्याला काही जमत नाही, असं तिला वाटायला लागलं, आणि हे वाटणं कॉम्प्युटर बंद पडण्यापेक्षा वाईट होतं.

त्या दिवसांत तिचे कान सारखे टेबलाखाली. पंख्याचा सूर जरा बदलला की ही खाली वाकलीच. डिस्कची टिकटिक, बॅटरीची गुणगुण, सगळं तिला पाठ झालं होतं. आई बाकावरून काहीबाही बोलत असायची. लाकूड ओलं आहे. शेजारच्या दोब्रिलाची सून परत माहेरी गेली. पाव शिळा आहे. झागोर्का म्हणायची, "हं."

तिहोमिरला दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा तो फोनवर फार शांतपणे बोलला. "झागा, उद्याचं मोठं काम आहे. पोस्टातले म्हातारे साहेब गेले. अर्धं गाव येणार. मी स्वतः तुझ्या घरी येऊन बसतो, कागद हातात घेऊनच जातो. आणि हे बघ, उद्या बंद पडलं ना, तर मग मला तुला काही सांगायला लावू नकोस. तुझं तूच समजून घे."

"समजलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिहोमिर आला तो बूट दारात काढून, टोपी हातात घेऊन, तोंडावर कामाचा चेहरा लावूनच. झागोर्कानं शेगडीवर कॉफी ठेवली. पेर्सामावशी बाकाच्या कडेला सरकली, त्याला जागा केली. "बस रे बाबा. कोण गेलं?"

"पोस्टातले साहेब, मावशी."

"तो? अरे, तो माझ्याहून लहान!" मावशी म्हणाली आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

झागोर्का कामाला बसली. यादी लांबलचक होती. बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडं, भाऊ, आणि वर एक जर्मनीतला पुतण्या, ज्याचं नाव असलंच पाहिजे असा दोन वेळा निरोप आला होता. फोटो धूसर, तो तिनं जरा उजळला. टाय सरळ केला. तिहोमिर कॉफी पीत होता, मावशीशी बोलत होता. झागोर्काला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ती पंखा ऐकत होती. चालू आहे. चालू आहे. पुतण्याचं नाव झालं. आता फक्त दफनाची वेळ घालायची.

आणि पडदा काळा.

 झागोर्कानं कीबोर्डवरचे हात उचलले नाहीत. तिला राग आला नाही, रडू आलं नाही. अंगातलं सगळं कुणीतरी काढून घेतल्यासारखं ती नुसती बसून राहिली. संपलं, तिच्या मनात आलं. बरं झालं, एकदाचं संपलं.

"मावशी," तिहोमिर अगदी हळू आवाजात म्हणाला, "या डब्याला शाल कशाला?"

"कुठली शाल?" मावशी म्हणाली, आणि हात घाईनं पाठीमागं नेला.

झागोर्का खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून बाकाच्या बाजूनं आली. आपल्या बाजूनं तिनं हजार वेळा वाकून बघितलं होतं. आईच्या बाजूनं कधीच नाही. कॅबिनेटची पाठ आईच्या बाकाकडे होती, आणि तिथं आईची जाड लोकरीची शाल, चौघडी करून, मागच्या पंख्यावर गच्च दाबून बसवलेली. वर उशी. शेगडीची धग शेजारी. शाल ओढून काढल्यावर आतून भट्टीसारखी ऊब तोंडावर आली.

"आई!"

"ओरडू नकोस. काढणारच होते मी. तू उठलीस की रोज काढते."

"रोज?" झागोर्काचा आवाज चिरकला. "महिनाभर मी हे यंत्र उघडतेय, जोडतेय, नवे भाग आणतेय, वेड लागायची वेळ आली मला, आणि तू रोज त्याचा श्वास कोंडत होतीस? का पण? का?"

"प्रोमाया," मावशी म्हणाली. जणू त्यात विचारण्यासारखं काय आहे.

आता प्रोमाया म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा वैरी. घराला दोन बाजूंनी फट राहिली आणि मधून वारा आरपार गेला की झाली प्रोमाया. मान आखडते प्रोमायानं. दात दुखतो प्रोमायानं. मूत्रपिंडं जातात, तोंड वाकडं होतं. उन्हाळ्यात बसमध्ये माणसं घामानं भिजून निघतील, पण दोन खिडक्या समोरासमोर उघडणार नाहीत. आणि झागोर्कानं काय केलं होतं? पुढून हवा आत, मागून बाहेर. म्हातारीच्या दृष्टीनं पोरीनं घरात एक प्रोमायाचं यंत्रच आणून बसवलं होतं, तेही तिच्या कुशीला.

पडदा काळा होता तरी पंखा अजून फिरत होता. तिहोमिर उठला, टेबलाखाली हात घालून पंख्यासमोर धरला. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "अगं झागा, खरंच येतोय की वारा! अगदी बारीक, पण येतोय. म्हातारं माणूस दिवसभर या वाऱ्यात? आधी सांगायचंस ना मला!"

"काय सांगायचं होतं तुला?"

"की प्रोमाया आहे म्हणून! मी समजलो तुझं यंत्र खराब आहे. प्रोमाया असेल तर मावशीनं काय करायचं? माझ्या आईनं पाणी ओतलं असतं त्यात." तो हसायला लागला, मोकळं, बऱ्याच दिवसांनी. "हलव तो डबा तिकडं खिडकीखाली, आणि छाप माझे कागद. तुला सोडून कुठे जातोय मी? त्या छापखान्यातल्याला मी काय सांगणार, प्रोमायामुळे काम दिलं?"

काम वाचलं होतं. एवढं सोपं होतं ते. झागोर्कानं डबा उचलून खिडकीखाली नेला, वायर जोडल्या, बटण दाबलं. थोडा वेळ रुसल्यासारखा गप्प राहिला, मग सुरू झाला. दर ओळीला साठवत आणलेलं पत्रक जसंच्या तसं पडद्यावर आलं, पुतण्यासकट. डब्यात दोष नव्हता. तिच्या बोटांत दोष नव्हता. तिनं जोडलेलं सगळं चोख होतं. तिला आनंद व्हायला हवा होता आणि थोडा झालाही, पण राग अजून उतरला नव्हता.

"मला सांगायचं तरी," ती छापायचं बटण शोधत म्हणाली. "आई, डबा सरकव, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"सांगितलं की."

"कधी सांगितलंस?"

"सांगितलं. संत निकोलाच्या सणाआधी सांगितलं, सणाच्या दिवशी सांगितलं, परवा सांगितलं. म्हटलं, झागे, हा डबा वारा मारतो, माझी डावी बाजू सगळी बधिर होते. तू म्हणालीस, हं."

तिहोमिर अजून हसत होता. "बघ! प्रोमायाच ती. तेल चोळा मावशी, गरम गरम."

"चोळलं रे. तेल चोळलं, रकिया चोळली. आधी बोटंच बधिर व्हायची, आता खांद्यापर्यंत होतो हात. परवा कप धरला आणि पडला तेव्हा कळलं की धरलाच नव्हता."

झागोर्काचा हात बटणावर तसाच राहिला. डबा खिडकीखाली छान चालला होता, सूर लागल्यासारखा. तिनं मान वळवून आईकडे बघितलं. पेर्सामावशी बाकावर बसली होती, उजव्या हातानं शालीची घडी घालत. डावा हात मांडीवर होता, उताणा, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

"आता कसा आहे?" झागोर्कानं विचारलं.

"काय कसा?"

"हात. आता तर डबा तिकडं नेला."

"अगं, आता कुठं नेलास. निघेल हळूहळू प्रोमाया अंगातून."

झागोर्का वाकली आणि कॉम्प्युटर बंद केला. नीट, पद्धतशीर बंद केला, सवयीनं. पडदा काळा झाला तेव्हा तिहोमिरचं हसू थांबलं.

"झागा? कागद?"

"त्या छापखान्यात पाठव, तासाभरात देतो म्हणाला होता ना. तुझी गाडी आहे का बाहेर?"

"आहे, पण… अगं, ती तसली गाडी आहे. कामाची."

"असू दे."

तिहोमिरनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मावशीच्या मांडीवरच्या हाताकडे. मग काही न विचारता बूट घालायला लागला. नाडी न बांधताच त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली.

पेर्सामावशी मात्र ऐकेना. "कुठं? दवाखान्यात? आणि त्या गाडीतून? मी नाही बसायची! अजून वेळ आहे मला, तिहोमिर, सांगून ठेवते."

"पुढं बसायचं मावशी, माझ्या शेजारी. मागं नाही."

"पुढं?" मावशीनं विचार केला. "पुढं असेल तर येते. पण हळू चालव, लोक बघतील, नाहीतर दोब्रिला आत्ताच माझ्या मयताचा गहू शिजवायला घेईल."

झागोर्कानं तिला कोट घातला. डावी बाही घालताना हात आत शिरेना, तिनंच धरून आत घातला, लहान मुलाचा घालतात तसा. पुढं दोघांचीच जागा होती. झागोर्का मागं चढली, जिथं पेटी ठेवतात तिथं, फरशीवर गुडघे टेकून बसली. मधल्या खिडकीतून तिनं हात पुढं काढला आणि आईचा डावा हात आपल्या हातात घेतला. तिहोमिरनं गाडी सुरू केली. बेकरी गेली, बसथांबा गेला, मागच्या आठवड्यातली तिचीच पत्रकं खांबावर फडफडत होती.

"काम अर्धं राहिलं ना तुझं?" आई पुढं बघतच म्हणाली.

"राहू दे."

"पुतण्या रागावेल, जर्मनीतला."

"रागावू दे, आई."

मग झागोर्कानं आईचं करंगळीजवळचं मांस चिमटीत धरलं आणि दाबलं. आधी हळू, मग जोरात, नखं रुतेपर्यंत. "आई," ती म्हणाली, "लागतंय का गं?"

"काय लागतंय का?" पेर्सामावशीनं विचारलं.